दोन चमकांमधलं अंतर

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. निवृत्तीच्या दिवशी मला प्रयोगशाळेतल्या जुन्या आठवणी सांगायला उभं केलं, तेव्हा मी दगडी टेबलाखालच्या स्कूटरच्या ट्यूबांची गोष्ट सांगितली. सगळे हसले, मी खाली बसलो. तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बायकोला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, पण अर्धंच, आणि ते अर्धं मला चांगलं दाखवणारं होतं. आता माझ्याजवळ फार वेळ नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आमची प्रयोगशाळा अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्याही पुढे होती. संस्थेचं नाव लिहीत नाही. मागे टेकड्या होत्या आणि टेकड्यांमध्ये दगडाच्या खाणी. दुपारी बारा आणि चार वाजता खाणीत सुरुंग उडत. आधी शिट्टी वाजे, मग जमीन हलके अंग झटकल्यासारखी हले. आमचं सगळं काम आरशांवर, आणि आरसा केसभर हलला तरी दिवस वाया. म्हणून टेबल म्हणजे एक जाड दगडी लादी होती आणि ती स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवलेली होती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते गॅरेज वाटे.

खोली मात्र गॅरेजसारखी नव्हती. भिंती काळ्या, खिडकीला काळं कापड, दाराला दुहेरी पडदा. बाहेर मे महिन्याचं ऊन रस्त्यावरचं डांबर वितळवत असायचं, आणि दोन पडदे ओलांडून आत आलं की एसीच्या घरघरीत पाण्याखाली आल्यासारखं वाटे. त्या खोलीत दुपार कधी व्हायचीच नाही. मध्यभागी केशरी-गुलाबी रंगाचं द्रावण एका फटीतून पातळ पडद्यासारखं अखंड खाली पडत असे. त्यातून लेझर उमटे. तो रंग बोटांना लागला की दोन दोन दिवस जात नसे. बोरिवलीला घरी जेवायला बसलो की आई म्हणायची, "मेंदी लावून आलास काय रे?"

द्रावणाच्या त्या पडद्यातून निघणारा प्रकाश सलग नव्हता. डोळ्यांना लाल-केशरी रेघ दिसे, पण ती वेगवेगळ्या चमकांची माळ होती, आणि एकेक चमक पिकोसेकंदाहूनही लहान. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, मग त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दहा लाख. इतक्या थोड्या वेळात रेणूच्या पोटात काय चालतं ते आम्हाला बघायचं होतं. रेणू एका हिरव्या रंगद्रव्याचा होता, माशांच्या टाकीत औषध म्हणून टाकतात तो. एका चमकेचे दोन भाग करायचे. पहिला भाग रेणूवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात, जणू कोणी हाक मारून उठवलं. दुसरा भाग मागून येतो आणि विचारतो, जागा आहेस की निजलास? दुसऱ्याला उशीर करायचा तर त्याला लांबच्या वाटेने पाठवायचं. त्याच्या वाटेवरचा आरसा एका स्क्रूने मागे सरकवायचा, बस्स. इतका लहान वेळ मोजणारं घड्याळ जगात नव्हतं. म्हणून आम्ही वेळ अंतराने मोजत होतो.

तो स्क्रू ती फिरवायची.

ती आमच्याकडे तांत्रिक सहायक होती. हंगामी. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचं पत्र यायचं. वडील बुलढाण्याकडून आलेले, बौद्ध कुटुंब, घाटकोपरला डोंगराच्या उतारावर दोन खोल्या. मी शास्त्रज्ञ या पदावर होतो, म्हणजे तिचा वरिष्ठ, पण वयाने आम्ही बरोबरीचे. पहिल्या आठवड्यानंतर 'सर' गळून पडलं. लोकांसमोर ती मला अहो-जाहो करी, आणि पडदे ओढले की 'ए शास्त्रज्ञ'. मी तिला मास्तरीण म्हणायचो, कारण ती होतीच तशी.

टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून ती स्क्रूवरचा आकडा वाचायची आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला मीटरचा काटा बघून वहीत लिहायचो.

"बारा पॉइंट चाळीस."

"हं."

"बारा पॉइंट बेचाळीस. झोपलास काय रे?"

"नाही गं."

"मग हं म्हण. हं आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. इथेच बसून राहीन संध्याकाळपर्यंत."

असे तासन्‌तास. अंधारात तिचा आवाज, एक आकडा, माझा हुंकार. कधी कधी मला वाटायचं की आम्ही दोघं रेणूला झोपवत बसलो आहोत. एकदा तिने विचारलं, एका पिकोसेकंदात उजेड किती लांब जातो? मी म्हणालो, बारीक रव्याच्या कणाएवढा.

"म्हणजे पगार घेऊन आपण शिरा मोजतोय."

"साखर नसलेला."

"साखर मुदतवाढीबरोबर येते," ती म्हणाली.

स्क्रू मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फिटरने बनवला होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने तिथे एक लेथ टाकला होता. मालवणी माणूस, तोंडात कायम तंबाखू. स्क्रू हातात देताना त्याने तिला सांगितलं होतं, "प्ले नाय असो स्क्रू देवान पण केल्यान नाय. एकाच बाजून येवा, काय एक त्रास नाय." प्ले म्हणजे मोकळीक, ती स्क्रूच्या आट्यांत थोडी असतेच. पुढे फिरवत असताना दिशा बदलून मागे फिरवला, तर आकडा बदलतो पण आरसा काही क्षण तिथेच राहतो. म्हणून एखादा आकडा चुकला तर थोडं मागे येऊन भागत नाही. पार सुरुवातीला जायचं आणि पुन्हा पुढे येत त्या आकड्याला पोचायचं. मला याचा कंटाळा. ती मात्र देवाला प्रदक्षिणा घालावी तशी एकाच दिशेने फिरायची. शेवटच्या टोकाला चुकलं तरी पहिल्यापासून. "मास्तरीण, दोन आटे मागे ये ना," मी गयावया करायचो. "नाही," एवढंच उत्तर.

वहीत उजवीकडे एक रकाना होता, 'स्क्रूवर कोण'. त्यात आद्याक्षरं लिहायची. आमच्या विभागाचे प्रमुख, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, रोज पाचला येऊन ती वही उलटत. त्या रकान्यात बहुतेक तिचीच आद्याक्षरं असत.

एका शुक्रवारी अंधारात ती म्हणाली, "सोमवारी मुलुंडच्या एका कॉलेजात मुलाखत आहे. प्रयोगशाळा सहायक. कायमची जागा."

"मोठ्या सरांना सांगितलंस?"

"वेडा आहेस का? म्हणतील, जायचंच आहे तर आत्ताच जा. तिथलं नाही झालं आणि इथलंही गेलं तर वाट लागेल. बाबा घरी बसलेत, दोन भाऊ शिकतायत. सकाळी मस्टरवर सही करून सटकते, पाचच्या आत येते. कोणी विचारलं तर चहाला गेलीय म्हण."

"चहा मुलुंडला?"

"तिथे चांगला मिळतो," ती म्हणाली आणि अंधारात हसली.

सोमवारी ती गेली. नीळ दिलेली पांढरी साडी नेसली होती, आणि दारातून मागे वळून तिने मला बजावलं, "स्क्रूला हात लावू नकोस. मी नसताना नुसता रंग ढवळत बस."

मी दुपारपर्यंत ऐकलं. मग वाटलं, एवढी हिरव्या द्रावणाची नळी भरून तयार आहे, लेझर कधी नव्हे तो शांत चाललाय. एकट्याने करायचं म्हणजे स्क्रूजवळ जायचं, आकडा लावायचा, अंधारात चाचपडत मीटरजवळ यायचं, लिहायचं, परत जायचं. तिचा आवाज नव्हता, मीच मला आकडे सांगत होतो आणि मीच हं म्हणत होतो. मध्येच कुठेतरी गुंगी आली असावी. भानावर आलो तर मधले सात-आठ आकडे राहून मी बराच पुढे गेलो होतो. तेवढ्यात लांबून खाणीची शिट्टी ऐकू आली. पंधरा मिनिटांत सुरुंग. सुरुवातीपासून पुन्हा करायला वेळ नव्हता. मी उलटा फिरलो. मागे येत येत ते सात-आठ आकडे भरले.

सुरुंग उडाला, टेबल ट्यूबांवर डुललं आणि स्थिर झालं. मी दिवा लावून आलेख काढला.

उतरती रेघ यायला हवी होती, नेहमी तशीच यायची. रेणू जागा होतो आणि हळूहळू निजतो. त्या दिवशी रेघ उतरता उतरता मध्येच किंचित वर आली आणि मग खाली गेली. छोटासा उंचवटा. निजलेल्या माणसाने एकदा डोळे उघडून बघावं तसा. मी त्या कागदाकडे किती वेळ बघत बसलो ते आता आठवत नाही. मला वाटलं, याला काहीतरी आठवलं. रेणूला आठवण आहे आणि ती जगात पहिल्यांदा मी पाहिली. स्क्रूची मोकळीक माझ्या मनातही आली नाही. खरं सांगायचं तर आली होती. अंगावर माशी बसावी तशी आली, आणि मी ती उडवून लावली.

पाच वाजायला आले, ती परतली नव्हती. रकाना कोरा होता. मोठे सर आले की पहिला प्रश्न पडणार, ही कुठे आहे? मी त्यात तिची आद्याक्षरं लिहिली. तिच्यावर उपकार म्हणून. बायकोला मी सांगितलं ते एवढंच.

मोठ्या सरांनी आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. मग बोट रकान्यावर गेलं. "बाईंनी घेतलीत ना रीडिंग? मग शंकाच नको. हात स्थिर आहे तिचा."

मी मान डोलावली. तो उंचवटा खरा ठरला तो तिच्या हातामुळे, आणि तो हात त्या दिवशी मुलुंडमध्ये होता.

ती सव्वापाचला आली, दमलेली, खुशीत. मुलाखत छान झाली होती. कॉलेज आमच्याकडून तिच्याबद्दल लेखी अभिप्राय मागवणार होतं. मी तिला आलेख दाखवला, पण रकाना दाखवला नाही.

मोठ्या सरांनी परिषदेसाठी सारांश पाठवून दिला. मग आम्ही तो उंचवटा पुन्हा मिळवायला बसलो. तीन आठवडे. ती एकाच बाजूने जायची आणि प्रत्येक वेळी रेघ गुळगुळीत उतरायची. मी द्रावण बदललं, आरसे पुसले, ट्यूबांत हवा भरली. मोठे सर दिवसातून चारदा पडदा उचलून विचारायचे, "आला का?" जणू कोणी पाहुणा यायचा होता.

एका दुपारी तिने जुनी वही मागितली. लाल टॉर्चच्या उजेडात त्या सोमवारचं पान काढलं आणि टॉर्च उजवीकडच्या रकान्यावर धरला.

"हे अक्षर माझं नाही," ती म्हणाली.

"तू नव्हतीस, म्हणून..."

"ते कळलं. त्याचं नंतर बघू." तिने आलेखावर अंगठा ठेवला, नेमका उंचवट्यावर. "हे आठ ठिपके झाक. आता बघ. काही उरलं?"

काही उरलं नव्हतं. सरळ उतरती रेघ.

"तू उलटा आलास ना?"

"सुरुंग होणार होता."

"अरे पण यार, मी किती वेळा..." ती थांबली. आवाज चढवला नाही. "सरांना सांग. आजच सांग. चूक आहे, होते चूक. ओरडतील आणि विसरतील."

"उद्या सांगतो."

"आणि माझी आद्याक्षरं खोड."

"उद्या सगळंच सांगतो."

त्या महिन्यात माझ्या बढतीची मुलाखत होती. मी उद्या सांगितलं नाही, परवाही नाही. चौथ्या दिवशी मोठ्या सरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. विभागातले आणखी दोघं होते. सारांश मागे घ्यावा लागणार होता आणि कारण कळवायचं होतं. मी तोपर्यंत एवढंच कबूल केलं होतं की स्क्रू बहुधा उलटा फिरवला गेला. फिरवला गेला, असंच म्हणालो होतो. कोणी, ते नाही.

मोठ्या सरांनी वही तिच्यापुढे सरकवली. "त्या दिवशी स्क्रूवर तुम्हीच ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मीटरजवळून माझा हुंकार यायची वाट बघायची तशी. 'मी नव्हते' म्हणाली असती तर पुढचा प्रश्न होता, 'मग कुठे होतात?' मस्टरवर तर सही होती. मुलुंडचं उत्तर तिला देता येत नव्हतं. मला मात्र एका वाक्यात सगळं देता येत होतं. आरसा मी मागे आणला, अक्षर माझं आहे. त्या नजरेत मावेल एवढा वेळ मला होता. मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटमधल्या बुडबुड्यांकडे बघत राहिलो.

"वहीत आहे ना, सर," ती म्हणाली. "मग मीच."

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या दोघांपैकी एक जण मला म्हणाला, "राखीव जागेवाल्यांकडून आणखी काय होणार?" ती राखीव जागेवर नव्हती. असती तरी त्या आठ ठिपक्यांचा त्याच्याशी काय संबंध होता? मला दोन्ही माहीत होतं. तरी मी हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. सगळ्यांनी इतक्या पटकन विश्वास का ठेवला, काल ज्या हाताचं कौतुक होतं तो एका दुपारीत निष्काळजी कसा झाला, याचं उत्तर त्या वाक्यात होतं, आणि त्याचा फायदा मी घेतला.

मुलुंडच्या कॉलेजचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. ती चोरून मुलाखतीला गेल्याचं मोठ्या सरांना तेव्हा कळलं आणि ते आणखी भडकले. अभिप्राय त्यांनी टाइप करून घेतला. 'रीडिंग घेण्यात हयगय करतात' असं वाक्य होतं. खाली दोन सह्यांची जागा होती, कारण थेट वरिष्ठ मी होतो. शिपायाने ते पत्र माझ्यापुढे ठेवलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यावर मी सही केली. हे मात्र मी कधीच कोणालाही सांगितलेलं नाही.

कायमची जागा गेली. सहा महिन्यांची मुदतवाढही आली नाही. शेवटच्या दिवशी तिने स्क्रूला तेल घातलं, टॉर्चमधले सेल काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि पडद्यापाशी थांबून म्हणाली, "निघते रे." मी म्हणालो, "ये." जणू ती पुन्हा येणार होती.

मला बढती मिळाली.

दोनेक वर्षांनी, लग्नानंतर, मी बायकोला घेऊन मनोरीला निघालो होतो. मार्वेच्या धक्क्यावर होडीत बसलो आणि समोर ती. बरोबर दहा-बारा मुली. घाटकोपरला ती गणिताच्या शिकवण्या घेत होती आणि परीक्षा संपल्यावर त्यांना समुद्र दाखवायला आणलं होतं.

"काय रे शास्त्रज्ञ! केस कुठे ठेवून आलास?"

"रेणूंना दिले," मी म्हणालो. जिभेवर तेवढंच होतं.

तिने माझ्या बायकोची विचारपूस केली आणि मुलींना सांगितलं, "हे सर उजेड मोजतात." एका मुलीने विचारलं, कसा? ती सांगू लागली. पाण्यावर ऊन तुटून पडलं होतं. ती बोटाने एक तुकडा दाखवायची, मग त्याच्या मागचा दुसरा. हा आधी पोचला, हा नंतर, आता या दोघांमधलं अंतर बघा. इतकं सोपं करून मी ते कधी कोणाला सांगू शकलो नव्हतो. मुली ऐकत होत्या, कोळणींच्या टोपल्यांना ओल्या माशांचा वास येत होता, होडी इतकी सावकाश चालली होती की किनारा जवळ येतोय असं वाटतच नव्हतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. बायको शेजारी होती. तिला मी अर्धं सांगितलं होतं, आता उरलेलं अर्धं ऐकवावं लागणार होतं. इंजिन थांबलं की बोलू, असं ठरवलं. इंजिन थांबलं. मुली उड्या मारत उतरल्या. ती सगळ्यांत शेवटी उतरली आणि मी म्हणालो, "जपून, शेवाळ आहे."

"हो," ती म्हणाली, आणि मुलींच्या मागे वाळूवरून चालत गेली.

त्यानंतर ती मला दिसली नाही. घाटकोपरला दोनदा गेलो. डोंगरावरची ती घरं राहिली नव्हती, आणि ते लोक कुठे गेले हे कोणाला सांगता आलं नाही. ती आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून होडीत जुळवलेलं वाक्य इथे लिहितो. त्या सोमवारी स्क्रूवर मी होतो. तुझी आद्याक्षरं मी लिहिली, त्यांच्यामागे मी लपलो, आणि मुलुंडला गेलेल्या कागदावरही सही माझी आहे. तुझा हात कधीच चुकला नव्हता. मला क्षमा कर.